सव्वा महिना आणि साडेबावीस दिवस

विद्यापीठाचं एक सत्र अध्यापनाच्या ९० दिवसांचं धरतात. परीक्षेला बसायचं तर हजेरी ७५ टक्के हवी. म्हणजे विद्यार्थिनीला साडेबावीस दिवसांची मोकळीक आहे. तेविसाव्या दिवशी तिचं नाव कमी हजेरीच्या यादीत जातं आणि सूचनाफलकावर लागतं. आपल्या घरांत बाळंतिणीचा सव्वा महिना पाळतात. मोजायचा तर साडेसदतीस दिवस, बोलताना चाळीस. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, कानाला बांधलेला रुमाल, यातलं किती शास्त्र आणि किती रूढी यावर वाद होऊ शकेल. पण एवढे दिवस तिने धावपळ करू नये, हे आपल्याकडे कुणाला पटवून द्यावं लागत नाही. वैद्यकशास्त्र सहा आठवडे म्हणतं, म्हणजे ४२ दिवस. आजीच्या आणि डॉक्टरांच्या हिशेबात दोन-चार दिवसांचं अंतर आहे. हजेरीपटाच्या हिशेबात मात्र दोन्ही बसत नाहीत.

नऊ महिने एकही तास न बुडवणारी मुलगी सत्र चालू असताना बाळंत झाली, तर केवळ या आकडेमोडीने परीक्षेबाहेर जाते. असा नियम कुणी मुद्दाम केलेला नाही. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बाळंतीण विद्यार्थिनी कधी आलीच नाही, एवढंच.

हा हिशेब मी आधी मांडते, कारण हा विषय निघाला की बोलणं लगेच माणसांच्या चांगुलपणाकडे वळतं. आमचे सर फार चांगले होते, मॅडमनी सांभाळून घेतलं, ऑफिसातल्या काकांनी शेवटच्या दिवशी अर्ज घेतला. हे सगळं खरं असतं आणि त्याबद्दल कृतज्ञ असायला हवं. पण सर चांगले नसते तर काय, हा प्रश्न राहतोच.

मी कांजूरमार्ग पूर्वेला राहते. आमच्या स्टेशनावर धीमी गाडीच थांबते, जलद गाड्या धडधडत निघून जातात. सकाळी साडेआठ-नऊच्या सुमाराला बायकांच्या डब्यातून इथे खूप जणी उतरतात, कारण पवईच्या आयआयटीला जवळचं स्टेशन हेच. १९५८ साली सुरू झालेली ही संस्था आता एक गावच आहे. तिथे प्राध्यापक आहेत, संशोधक विद्यार्थिनी आहेत, प्रकल्पांवर काम करणाऱ्या मुली आहेत, आणि वसतिगृहं झाडणाऱ्या, मेसमध्ये पोळ्या लाटणाऱ्या, कार्यालयात फायली लावणाऱ्या बायकाही आहेत. पश्चिमेला उतरून त्या शेअर रिक्षाच्या रांगेत उभ्या राहतात. मग गांधीनगरचा नाका, मेट्रोच्या कामाने चिंचोळा झालेला रस्ता, खड्डे, गतिरोधक. सातव्या महिन्यात या रस्त्याने रिक्षातून जाणारी बाई एका हाताने दांडी आणि एका हाताने पोट धरून बसते.

अशा दोघींना मी काही आठवडे रोज एकाच डब्यात पाहत होते. एकीच्या पाठीला लॅपटॉपची बॅग, दुसरीच्या हातात कापडी पिशवी. दोघींना दिवस गेलेले, महिन्याभराच्या अंतराने. दोघींच्या गळ्यात ओळखपत्र, फक्त एकीच्या पट्टीवर संस्थेचं नाव आणि दुसरीच्या पट्टीवर कंत्राटदाराचं. डब्यात दोघींना सारखी वागणूक मिळे. विद्याविहारला चढलेली बाई असो की डोंबिवलीची, पोट दिसलं की उठते. चौथ्या सीटवरची आपणहून म्हणते, बस गं. उतरताना दारापर्यंत वाट करून देतात. बायकांच्या डब्याबद्दल पुष्कळ वाईट लिहून झालं आहे, पण ही रीत तिथे कुणी मोडत नाही आणि मला तिचा अभिमान वाटतो.

स्टेशनाबाहेर आल्यावर मात्र त्या दोघींच्या वाटा वेगळ्या होतात. तिथून पुढे पोट पाहून काही ठरत नाही. ओळखपत्राची पट्टी पाहून ठरतं.

कायम नोकरीतल्या बाईला २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. १९६१च्या मातृत्व लाभ कायद्यात ती १२ आठवडे होती, २०१७च्या दुरुस्तीने वाढली. गर्भपात झाला तर सहा आठवडे. मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या वेळात दूध पाजण्यासाठी दोन सुट्या. पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघर, आणि तिथे दिवसातून चार वेळा जाण्याची मुभा. जगात फार थोड्या देशांत इतका उदार कायदा आहे. अमेरिकेत तर आजही देशभर लागू होणारी पगारी बाळंतपणाची रजा नाही. १९९३च्या कायद्याने १२ आठवडे मिळतात, तेही बिनपगारी आणि अटींसह.

पण विद्यार्थिनीकडे वळलं की चित्र उलटं होतं. अमेरिकेत शिक्षणातल्या लिंगभेदाविरुद्धच्या १९७२च्या कायद्याखाली १९७५ साली नियम झाले, आणि गरोदर आहे म्हणून विद्यार्थिनीला वर्गाबाहेर ठेवता येणार नाही, बाळंतपणासाठी गेली तर परत आल्यावर तिचा पहिला दर्जा तिला मिळाला पाहिजे, हे तेव्हाच लिहून ठेवलं गेलं. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ साली पीएच.डी. आणि एम.फिल. करणाऱ्या स्त्रियांना संपूर्ण कालावधीत एकदा २४० दिवसांची रजा दिली. बी.ए.च्या, बी.एड.च्या, एम.एस्सी.च्या मुलींसाठी काहीच नव्हतं. डिसेंबर २०२१मध्ये आयोगाने कुलगुरूंना पत्र लिहिलं की पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थिनींसाठी बाळंतपणाच्या रजेचे आणि हजेरीतल्या सवलतीचे नियम तुम्ही करा. पत्र म्हणजे पत्रच. ज्यांनी नियम केले त्यांनी केले.

मधल्या काळात मुली न्यायालयात गेल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१०मध्ये कायद्याच्या विद्यार्थिनींच्या बाजूने निकाल दिला: गरोदरपणामुळे झालेली गैरहजेरी त्यांच्या विरोधात धरू नका. त्याच न्यायालयाने २०१८मध्ये कायद्याच्याच एका विद्यार्थिनीला नकार दिला. २०२१मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने लखनौच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाला गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या विद्यार्थिनींसाठी नियम करायला सांगितलं. २०२३मध्ये मेरठच्या विद्यापीठातली एम.एड.ची विद्यार्थिनी ५९ दिवसांची रजा मागत दिल्लीच्या न्यायालयात आली. शिक्षण की मातृत्व अशी निवड करायला कुणा नागरिकाला भाग पाडता येणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं आणि रजा नाकारणारा आदेश रद्द केला. ओल्या बाळंतिणीने वकील गाठावा, शपथपत्र करावं, तारखा घ्याव्यात आणि मग तिला परीक्षेला बसता यावं, ही व्यवस्था ज्यांना पुरेशी वाटते त्यांनी एकदा दीड महिन्याचं बाळ मांडीवर घेऊन उच्च न्यायालयाच्या बाकावर बसलेली मुलगी डोळ्यांपुढे आणावी.

न्यायालयात गेल्या त्या मोजक्या. बाकीच्या गेल्या नाहीत, आणि त्यांचा कुठे मागमूसही नाही. तालुक्याच्या महाविद्यालयात एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी लग्न झालेल्या मुली दुसऱ्या वर्षाला असतात, तिसऱ्याला नसतात. नोंदवहीत 'नाव कमी केले' एवढंच असतं. का कमी केलं याचा रकाना नाही. त्यामुळे आमच्याकडे अशा मुलीच नाहीत, असं प्राचार्य म्हणतात तेव्हा ते खोटं बोलत नसतात. कागदावर त्या मुली खरोखरच नाहीत.

रकान्याचा विषय निघाला म्हणून माझंच सांगते. पंचवीसेक वर्षांपूर्वी मी उपनगरातल्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत होते. महिन्याच्या शेवटी एक तक्ता भरून द्यायचा: दिनांक, वर्ग, तासिकेचा क्रमांक, शिकवलेला भाग, सही. जितक्या ओळी तितके पैसे. सातव्या महिन्यात रक्तदाब वाढला आणि डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं. मी अर्ज लिहिला. कार्यालयातल्या बाईंनी तो वाचला, माझ्याकडे कळवळून पाहिलं आणि म्हणाल्या, "बाळंतपण लिहू नकोस, तुमच्यात ती रजा नसते. आजारपण लिही, मग सर सही करतील." मी पहिला कागद फाडला आणि दुसऱ्यावर आजारपण लिहिलं. त्या चार महिन्यांचे माझे तक्ते कोरे आहेत. जूनमध्ये परत गेले तेव्हा माझ्या तासिका दुसऱ्या मुलीला दिलेल्या होत्या. तीही माझ्यासारखीच गरजू, तिच्याशी भांडण्यासारखं काही नव्हतं. मला काढून टाकलेलं नव्हतं, कारण मी कधी होते असंही नव्हतं. सत्र संपलं, नेमणूक संपली.

पैसे बुडाल्याचं दुःख वर्षभरात ओसरलं. आजारपण लिहिल्याचं अजून गेलेलं नाही.

महाराष्ट्रात आजही अनेक महाविद्यालयांची मदार तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांवर आहे. नेट-सेट झालेल्या, पीएच.डी. झालेल्या मुली तिशीत असतात, म्हणजे नेमक्या मूल होण्याच्या वयात. त्यांची नेमणूक शैक्षणिक सत्रापुरती. मातृत्व लाभाच्या कायद्याची अट अशी की बाळंतपणाआधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं हवं. ही अट त्यांना लावून पाहा. पंधरा-पंधरा आठवड्यांची दोन सत्रं म्हणजे ३० आठवडे. तिच्या तासिका आठवड्यातल्या तीन दिवसांत बसवल्या तर ९० दिवस भरतात. त्याच तासिका, तेवढंच काम, दोन दिवसांत कोंबलं तर ६०. वेळापत्रक करणारे विभागप्रमुख वर्गखोल्यांची सोय बघत असतात. एका बाईचा कायदेशीर हक्क आपण इकडून तिकडे सरकवतो आहोत हे त्यांच्या गावीही नसतं.

सर्वोच्च न्यायालयाने या बाबतीत संशयाला जागा ठेवलेली नाही. ८ मार्च २०००चा निकाल दिल्ली महापालिकेच्या रोजंदारीवरच्या बायकांचा आहे. रस्ते खणणाऱ्या, हजेरीपटावर नाव असलेल्या बायका. त्यांनाही मातृत्वाचा लाभ मिळाला पाहिजे, असं न्यायालयाने सांगितलं. २०२३चा निकाल दिल्लीतल्याच एका सरकारी रुग्णालयातल्या कंत्राटी डॉक्टरबाईंचा. त्यांचं कंत्राट ११ जून २०१७ला संपत होतं, रजा १ जूनपासून मागितली होती. रुग्णालयाने अकरा दिवस दिले. न्यायालय म्हणालं, कंत्राट संपलं तरी लाभ संपत नाही, २६ आठवड्यांचे पूर्ण पैसे द्या. खणणाऱ्या बाईपासून डॉक्टरबाईपर्यंत तत्त्व एकच आहे. तरीही तासिकेवरच्या प्राध्यापिकेला आजारपण लिहायला लागत असेल, तर कायदा अपुरा आहे असं मी म्हणणार नाही. तो महाविद्यालयाच्या कार्यालयापर्यंत पोहोचलेला नाही.

आता डब्यातल्या दुसऱ्या बाईकडे येते, कंत्राटदाराच्या पट्टीवालीकडे. तिचा पगार २१ हजारांच्या आत असेल आणि कंत्राटदार राज्य कामगार विम्याचे हप्ते नीट भरत असेल, तर ठरावीक काळात सत्तर दिवसांचे हप्ते जमा असले की २६ आठवड्यांचे पैसे विमा महामंडळ देतं. मुलुंडला कामगार विम्याचं रुग्णालय आहे. कागदावर पाहिलं तर झाडू मारणारी ही बाई डॉक्टरेट मिळवलेल्या तासिकेवरच्या प्राध्यापिकेपेक्षा जास्त सुरक्षित आहे. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी थबकले. मग कारण उमगलं. इथे बाळंतपणाचा खर्च एका मालकाच्या खिशातून जात नाही. लाखो कामगारांच्या आणि मालकांच्या हप्त्यांतून, मिळून भरलेल्या पिशवीतून जातो. म्हणून तिला कामावर ठेवताना, हिला मूल झालं तर मला किती पडेल, असा विचार करण्याचं कंत्राटदाराला कारण उरत नाही.

मात्र तिला पैसे मिळतात, जागा मिळत नाही. ती माहेरी बाळंतपणाला गेली की तिच्या पाळीवर दुसरी येते. मध्ये कंत्राट बदललं तर नवा कंत्राटदार तिला ओळखतही नाही. उलट संशोधक विद्यार्थिनीला २४० दिवस मिळतात, प्रबंधाची मुदतही वाढते. २०२२च्या नियमांप्रमाणे स्त्रियांना पीएच.डी.साठी दोन वर्षं जास्त आहेत. पण ती ज्या प्रकल्पाच्या पैशांवर काम करते तो प्रकल्प तिच्यासाठी थांबत नाही. एकीला पैसे आहेत, एकीला मुदत आहे, तासिकावालीला दोन्ही नाही. परत येण्याची जागा तिघींपैकी कुणालाच पक्की नाही. माझं सगळं म्हणणं या एका मुद्द्याशी येतं: विद्यापीठाने रजा दिली की आपलं काम झालं असं समजू नये. ती गेली तेव्हा जिथे होती तिथे परत येईल, हे सांभाळणं रजेपेक्षा अवघड आहे, आणि तेच खरं काम आहे.

खर्च कुणी सोसायचा हा वाद मुंबईत नवा नाही. गिरण्यांमधल्या बायकांच्या बाळंतपणाची चौकशी करायला मुंबई सरकारने १९२२च्या सुमाराला डॉ. बार्न्स या स्त्री डॉक्टरची नेमणूक केली होती. त्यांनी चाळींत फिरून जे पाहिलं त्यात आई साच्यावर असताना रडू नये म्हणून तान्ह्या बाळांना अफू चाटवण्याची सर्रास चाल होती. ना. म. जोशींनी १९२४ साली केंद्रीय विधिमंडळात प्रसूती लाभाचं विधेयक आणलं, ते पडलं. मग मुंबईच्या विधिमंडळात तोच प्रश्न आला आणि जुलै १९२८मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच्या बाजूने भाषण केलं. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, असं ते म्हणाले. या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा हेही त्यांनी मान्य केलं, कारण लोकांचं कल्याण पाहणं हे मुळात सरकारचं काम. पण म्हणून मालकाला मोकळं सोडता येत नाही. बायकांना कामावर ठेवण्यात त्याचा फायदा असतो म्हणून तर तो त्यांना ठेवतो. १९२९ साली मुंबईचा कायदा झाला, दिवसाला आठ आणे.

त्या भाषणातला युक्तिवाद आजच्या विद्यापीठाला जसाच्या तसा लागू पडतो. तासिकेवर प्राध्यापिका का ठेवतात? स्वस्तात पडते म्हणून. प्रकल्पावर संशोधक मुलगी का घेतात? ती काम चोख करते, रात्री उशिरापर्यंत थांबते, तिच्या नावावर निबंध छापून येतात आणि संस्थेचं मानांकन वर जातं. फायदा संस्थेचा होतो. बाळंतपणाचा भार मात्र एकट्या मार्गदर्शकावर टाकला जातो. तीन वर्षांच्या प्रकल्पात सहाय्यक सहा महिने रजेवर गेली, तर तिची विद्यावृत्ती त्याच पैशांतून, बदली माणूसही त्याच पैशांतून आणि अंतिम अहवालाची तारीख तीच. मी अशा मार्गदर्शकांशी बोलले आहे, त्यांत बायकाही आहेत. त्या दुष्ट नाहीत. पुढच्या मुलाखतीत नुकतं लग्न झालेली उमेदवार समोर आली की त्यांचा हात थोडा थबकतो, आणि त्या स्वतःशीही ते कबूल करत नाहीत.

हा थबकणारा हात उपदेशाने मोकळा होणार नाही. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक प्रकल्पाच्या पैशांतून संस्था स्वतःचा हिस्सा कापून घेते, वीज-पाणी-इमारत यांच्यासाठी. त्या हिश्शातलाच एक छोटा भाग बाजूला काढून संस्थेच्या पातळीवर बाळंतपणाचा निधी का करू नये? रजेचे पैसे निधीतून जातील, बदली माणसाचे निधीतून जातील आणि मार्गदर्शकाला दोन्हीकडे ओढाताण करावी लागणार नाही. तासिकेवरच्या प्राध्यापिकांसाठी विद्यापीठ संलग्न महाविद्यालयांकडून दरवर्षी थोडी वर्गणी घेऊन असाच निधी उभारू शकतं. कामगार विम्याने जे झाडणाऱ्या बाईसाठी केलं तेच शिकवणाऱ्या बाईसाठी करायचं आहे.

प्रयोगशाळेबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण तिथे रजेने काही सुटत नाही. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत डायमिथाइल फॉर्मामाइडची बाटली अगदी साधी गोष्ट असते. पाण्यासारखा द्रव, मासळीसारखा किंचित वास. तो कातडीतूनही अंगात शिरतो आणि गर्भाला घातक मानला जातो. टोल्यूइन, शिसं आणि पाऱ्याची संयुगं, काही जंतुसंसर्ग, सगळीकडे हाच धोका. अवयव घडण्याचा काळ गर्भधारणेनंतर तिसऱ्या ते आठव्या आठवड्याचा. आणि आपल्या घरांत पहिले तीन महिने कुणाला सांगत नाहीत. दृष्ट लागेल म्हणून, काही झालं तर बोलणी नकोत म्हणून. म्हणजे धोका सर्वांत जास्त असतो तेव्हा प्रयोगशाळेत कुणालाच माहीत नसतं, कधी कधी तिला स्वतःलाही. बायकांच्या डब्यातली माया इथे पोहोचू शकत नाही, कारण माया दिसणाऱ्या पोटावर चालते.

म्हणून, गरोदर असशील तर सांग, मग काळजी घेऊ, ही पद्धत अर्धीच उपयोगाची. वायुशोषक कपाट नीट चालतं का, हातमोजे त्या द्रवाला अडवणारे आहेत का, बाटलीवर स्पष्ट लिहिलं आहे का, हे सगळं रोज सगळ्यांसाठी असायला हवं. पुढची अर्धी गोष्ट ती सांगेल तेव्हाची. इथे किरणोत्साराच्या क्षेत्राने फार पूर्वी शहाणपणाचा नियम केलेला आहे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या सुरक्षा मानकांत म्हटलं आहे की स्त्री कर्मचाऱ्याने गरोदर असल्याचं कळवलं, हे तिला कामावरून दूर करण्याचं कारण होऊ शकत नाही. कामाची पद्धत बदला. उरलेल्या काळात गर्भाला होणारा मारा एक मिलिसिव्हर्टच्या वर जाऊ देऊ नका. बदलायचं ते काम, बाईला हलवायचं नाही. कारण सांगितलं तर हातातलं काम जाईल अशी भीती असेल, तर ती सांगणार नाही आणि बाटली उघडत राहील.

लपवण्याचं आणखी एक कारण आपण बोलत नाही. पोट पडलं, तर काय? नोकरीतल्या बाईला त्यासाठी सहा आठवडे आहेत. वसतिगृहातल्या मुलीला एकही दिवस नाही. ती दोन दिवस पोटदुखी सांगून खोलीत पडते आणि तिसऱ्या दिवशी चाचणी परीक्षेला बसते. लग्न झालेलं नसेल तर तेवढंही नाही. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२मध्ये गर्भपाताच्या कायद्यापुरता विवाहित-अविवाहित हा भेद मोडीत काढला आहे. विद्यापीठाच्या अर्जात पतीचं नाव विचारायचं कारण मला दिसत नाही. डॉक्टरांचा दाखला पुरे.

मूल शिक्षण संपल्यावर होऊ द्यावं, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांत प्रेमाने सांगणारे आई-वडीलही आहेत. पण शिक्षण संपणार कधी? पदव्युत्तर शिक्षण होईपर्यंत तेवीस-चोवीस, पीएच.डी.ला सहा वर्षं, नंतर कुठे तरी दोन-तीन वर्षांचं संशोधन, नंतर तासिका, कायम नेमणुकीची जाहिरात निघेल तेव्हा पस्तिशी उलटलेली. शरीराचं वेळापत्रक यासाठी सरकत नाही. तिच्याबरोबरच्या मुलाला हा सल्ला कुणी देत नाही; तो पीएच.डी. करताना बाप होतो, पेढे वाटतो आणि दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत असतो. इतर विद्यार्थ्यांवर अन्याय होईल, हा आक्षेप मी जास्त गंभीरपणे घेते. पण हजेरीतल्या सवलतीने तिला गुण मिळत नाहीत. प्रश्नपत्रिका तीच असते. तिने बुडलेली प्रात्यक्षिकं भरून काढायची आहेत, फक्त बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर. राष्ट्रीय छात्रसेनेच्या शिबिराला किंवा खेळांच्या स्पर्धेला गेलेल्यांच्या गैरहजेरीचा आपण विचार करतोच, आणि तो योग्यच आहे.

पाळणाघराबद्दल एकच सांगते. कायदा कर्मचारी मोजतो, विद्यार्थिनी मोजत नाही. दहा हजार विद्यार्थी आणि चाळीस कर्मचारी असले तर पाळणाघर बंधनकारक नाही. आणि असलं, तरी संशोधक मुलीला आणि कंत्राटी बाईला तिथे प्रवेश आहे का, हे दारावरच्या नियमावलीत पाहावं लागतं. त्या दोघींची बाळं एकाच पाळणाघरात वाढली तर माझ्या मते ते विद्यापीठ झालं.

डब्यातल्या त्या दोघी हल्ली दिसत नाहीत. लॅपटॉपवाली आठव्या महिन्यात माहेरी गेली, साताऱ्याकडे. शेवटच्या दिवसांत एकदा ती रिक्षाच्या रांगेत माझ्यापुढे होती आणि फोनवर कुणाला तरी विचारत होती, "माझं टेबल कुणाला देणार नाहीत ना?" रजा किती, पैसे किती, हे विचारत नव्हती. टेबलाचं विचारत होती. त्यावर तिची अर्धवट राहिलेली मोजणी असेल, खणात वही असेल, बाटल्यांवर तिच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या असतील.

जूनमध्ये महाविद्यालयांची वेळापत्रकं लागतात. कुठल्या तरी स्टाफरूममध्ये एक नव्याने नेमलेली तासिकेवरची प्राध्यापिका भिंतीजवळच्या खुर्चीत बसलेली असेल. विभागप्रमुख समोर तक्ता पसरून तिला विचारतील, "तुमचे तास दोन दिवसांत बसवू की तीन?" तिला दुसरा महिना असेल, आणि तिने अजून कुणाला सांगितलेलं नसेल. ती म्हणेल, तुम्हाला जसं सोयीचं पडेल तसं.